आधी घड्याळ पाहा: नातवाचं किंचाळणं आणि आजोबांचं लाथा झाडणं

पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात देते. मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत गेलाय. शाळा सकाळची, बस पावणेसातला. रात्री दहाला झोपतो आणि सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास एकदम किंचाळत उठून बसतो. डोळे सताड उघडे, अंग घामाने चिंब, छाती धडधडतेय. ‘आई, आई’ म्हणून ओरडतो आणि जवळ घ्यायला गेलं तर आईलाच ढकलून देतो. पाच-सात मिनिटांनी आपोआप आडवा होतो, सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आठवडाभर जवळजवळ रोज होतं, मग दोनेक आठवडे काही नाही, मग परत सुरू. सासूबाईंचं म्हणणं, अमावस्येला वाढतं, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘सासऱ्यांनाही दोन वर्षांपासून पहाटे झोपेत ओरडायची, लाथा झाडायची सवय लागली आहे, मागच्या महिन्यात पलंगावरून पडले, तर हे आनुवंशिक असेल का?’

ताई, विचारलाय तुम्ही एक प्रश्न, पण घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि दोन्हींना ‘झोपेत ओरडणं’ हे एकच नाव पडलंय. नाशकात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करताना गेल्या २२ वर्षांत मी हा घोटाळा पुष्कळ घरांत पाहिला. मुलाच्या किंकाळीने सगळी बिल्डिंग जागी होते, म्हणून सगळे त्याच्यामागे धावतात. आजोबांचं ओरडणं जुनं झालेलं असतं, त्यावर घरात विनोद चालतात. माझ्या हिशेबात काळजीचा क्रम उलटा आहे. मुलाचं तुम्ही जे वर्णन केलंय ते दिसायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी. सासऱ्यांची ती शेवटची ओळ मात्र मी थांबून परत वाचली.

मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे ‘बहुधा’ हा शब्द जपून वापरलाय. कुठल्या गोष्टींवरून तो बदलू शकतो तेही पुढे सांगते.

झोपेची तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो: किती वाजता? काय होतं ते नंतर. झोप लागल्यावर पहिल्या दोन-अडीच तासांत माणूस सगळ्यात खोल जातो. मुलं तर इतकी खोल की लग्नावरून येताना रिक्षात झोपलेलं पोर उचलून तिसऱ्या मजल्यावर आणून गादीवर टाकलं तरी त्याला पत्ता नसतो. या खोल झोपेतून वर येताना कधी कधी मेंदू अर्धाच जागा होतो. ओरडणारा, धडपडणारा, घाबरणारा भाग जागा, आणि आईला ओळखणारा, आठवण साठवणारा भाग अजून झोपेत. म्हणून तो तुम्हालाच हाका मारतो आणि तुम्हालाच ढकलतो. याला नाइट टेरर म्हणतात. रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की झोपेत चालणं आणि हे किंचाळणं, दोन्ही स्वप्नांतून येत नाहीत, ती अर्धवट जागं होण्याची गडबड आहे.

वाईट स्वप्न वेगळं. ते येतं उत्तररात्री, पहाटेकडे, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते. स्वप्न पडलेलं मूल पूर्ण जागं होतं, कुशीत शिरतं, ‘मोठा कुत्रा आला होता’ असं सांगतं आणि परत झोपायला घाबरतं. तुमचा मुलगा रडून थांबला की क्षणात गाढ झोपतो आणि सकाळी खुशाल पोहे मागतो. रात्रभर टक्क जागे राहता तुम्ही.

आता अमावस्या. तुम्ही लिहिलंय आठवडाभर होतं आणि मग दोनेक आठवडे नाही. अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी येते. तुमचं चक्र तीन आठवड्यांचं दिसतंय. अंबडच्या पुष्कळ कंपन्यांत तीन आठवड्यांत काय फिरतं ते तुम्हाला माहीतच आहे: फर्स्ट, सेकंड, नाइट. सेकंड शिफ्ट अकराला सुटते. बाइकवरून घरी यायला पंधरा-वीस मिनिटं. सव्वाअकरा-साडेअकराला खाली गाडीचा स्टँड लागतो, लिफ्टचं दार आपटतं, तुमची बेल वाजते. नेमका तोच वेळ पोराच्या सगळ्यात खोल झोपेचा.

हा माझा तर्क आहे, चूकही असू शकेल. पण पडताळायला पैसे लागत नाहीत. कॅलेंडरवर मिस्टरांच्या शिफ्ट लिहा आणि ज्या रात्री झालं तिथे किती वाजता ते टाका. दोन महिन्यांत चित्र स्वच्छ होईल. मला ही शंका येते कारण आधीच अपुरी झोप आणि वर अचानक आवाज, हे दोन एकत्र आले की अशा मुलांत हटकून होतं. मॉन्ट्रियलमध्ये झोपेत चालणाऱ्या मोठ्या माणसांवर असाच प्रयोग झाला होता: जागरणानंतरच्या खोल झोपेत आवाज केला की ती माणसं नेहमीच्या झोपेतल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा उठून बसायची.

आणि अपुरी झोप तुमच्याकडे आहेच. दहाला झोपून पावणेसातची बस गाठायची म्हणजे पोराला पावणेसहाला उठवत असणार. पावणेआठ तास झाले. सहा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. मागच्या वर्षी बालवाडीत असताना दुपारी झोपत असेल, पहिलीत गेल्यावर तीही सुटली असेल. झोपेची उधारी वाढली की मेंदू ती खोल झोप जास्त आणि जास्त घट्ट घेऊन वसूल करतो, आणि घट्ट झोपेतून वर येताना अडखळतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं ठरवलं, त्याचं कारण हेच होतं, मुलांची झोप होत नाही. तुमच्या शाळेचं काय करायचं ते पालकसभेत बघा, पण झोपायची वेळ तुमच्या हातात आहे. साडेआठ. अवघड आहे, मला माहीत आहे. आठला सगळ्यांची ताटं एकत्र वाढायची पद्धत असेल तर पोराचं ताट सातला वाढा. एकदम दीड तास अलीकडे ओढू नका, तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं असं सरकवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांना एवढंच पुरतं. औषध लिहून न दिल्याबद्दल पालक रुसतात तो भाग वेगळा.

प्रत्यक्ष होत असताना काय करायचं? जवळजवळ काहीच नाही, आणि आईला तेच सगळ्यात जड जातं. हलवून उठवू नका, तोंडावर पाणी मारू नका, ट्यूबलाइट लावू नका, घट्ट धरून ठेवू नका. धराल तितका जास्त झटापट करेल. शेजारी बसा, हळू आवाजात एकच वाक्य म्हणत राहा, तो पलंगावरून पडणार नाही एवढं बघा. उठून चालायला लागला तर खांद्याला हलका हात लावून गादीकडे वळवा. झोपायच्या आधी शू करायला लावा, भरलेली लघवीही खोल झोप मोडते. बाल्कनीच्या दाराला वरची कडी लावा आणि ती रोज रात्री लागलीय का ते एकाच माणसाने बघायचं, नाहीतर ‘मला वाटलं तुम्ही लावली’ होतं. सकाळी ‘रात्री काय झालं होतं रे तुला?’ असं विचारू नका आणि पाहुण्यांसमोर किस्सा सांगू नका. त्याला त्यातलं काही ठाऊक नाही, तुम्ही सांगून सांगून त्याला झोपेची भीती लावाल.

हे सगळं करूनही चालूच राहिलं तर एक उपाय आहे, जरा विचित्र वाटेल. रोज साधारण एकाच वेळी होत असेल, समजा साडेअकराला, तर सव्वाअकराच्या आत त्याला हलकेच जागं करायचं. पूर्ण नाही, कूस वळवून ‘हं’ म्हणाला की झालं, परत झोपू द्यायचं. खोल झोपेचा तो ठरलेला टप्पा त्याने मोडतो. दोन ते चार आठवडे रोज न चुकता केलं तर पुष्कळ मुलांत पुन्हा होत नाही. वेळ ठरलेली नसेल तर मात्र याचा उपयोग नाही, म्हणूनही ती कॅलेंडरवरची नोंद लागते. गोळ्या मी मुलांना सहसा देत नाही. रोज इजा होण्याइतकं असेल तरच, थोडे दिवस, आणि डॉक्टरच्या नजरेखाली.

सासूबाईंशी भांडू नका. मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, मीठ-मोहऱ्या ओवाळल्याने पोराचं काही बिघडत नाही. पण नागबळी तीन दिवसांची. पहाटे थंडीत त्याला उठवून त्र्यंबकला नेणार, दुपारची झोप नाही, नवी जागा, गर्दी. त्याच रात्री जोरात होईल आणि मग म्हणाल बाधा मोठी आहे. जायचंच असेल तर पोराला घरी झोपू द्या. सेकंड शिफ्ट संपली आणि तेव्हाच पूजा झाली तर गुण पूजेला जाणार, हेही गृहीत धरा. धूर नाकात घालणं, मारणं, चटके असलं काही कुणी सुचवलं तर मात्र तिथून उठून या.

आता ‘बहुधा’ कधी बदलतो ते सांगते, आणि त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

बरीच वर्षं झाली. दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी रात्री दचकून ओरडते. मी वय ऐकलं, वर्णन ऐकलं आणि नाइट टेरर आहे, वयाबरोबर जाईल असं सांगून मोकळी झाले. निघताना तो म्हणाला, ‘म्याडम, रात्रीची लाइट असते तवा मी मोटार चालू करायला उठतो ना, बारालाही बघितलं, दोनलाही, चारलाही.’ मी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला. महिन्याने तो मोबाइलवर तीन व्हिडिओ घेऊन आला. तिन्हींत तेच: मान डावीकडे, उजवा हात ताठ वर, ओठ ओढलेले, वीस-पंचवीस सेकंद, संपलं. तिन्ही एका साच्यातून काढल्यासारखे. त्या फिट्स होत्या. मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या अशा झोपेतल्या फिट्समध्ये दिवसा काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, पुष्कळदा स्वच्छ येतो, तिचाही तसाच आला. औषध सुरू केल्यावर ओरडणं थांबलं. त्या माणसाने पहिल्याच दिवशी मला निदान सांगितलं होतं, आणि तेही घड्याळाच्या भाषेत.

तेव्हापासून व्हिडिओ बघितल्याशिवाय मी छातीठोक बोलत नाही. तुम्हीही एक-दोन काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला, फॅमिली ग्रुपवर टाकायला नव्हे. एका रात्रीत अनेकदा होत असेल, कुठल्याही वेळी होत असेल, दर वेळी हुबेहूब तेच असेल, अर्ध्या-एक मिनिटात संपत असेल, दिवसाही कधी होत असेल, तर थांबू नका.

दुसऱ्या दोन गोष्टी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडूनच होतील. मुलगा घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, मान मागे टाकून झोपतो का? तसं असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठी बघायला लावा, श्वास अडकला की खोल झोप मोडते. आणि झोपताना पाय चोळायला सांगतो, पाय सारखे हलवतो असं असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा, लोहाचा साठा कमी असला की पाय स्वस्थ बसू देत नाहीत. तापातही नाइट टेरर वाढतो, ते ताप उतरला की जातं.

मुलाचं एवढंच: झोप वाढवा, आवाज टाळा, नोंद ठेवा, व्हिडिओ काढा.

आता आजोबा. त्यांची वेळ पहाटेची, म्हणजे स्वप्नांच्या झोपेची. त्या झोपेत मेंदू धावत असतो, पण मेंदूच्या देठातून हुकूम सुटलेला असतो की हातपाय लुळे ठेवा. फ्रान्समध्ये लियाँला मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो छोटा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेत उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालायला लागली. माणसांत हेच आपोआप होतं, तो आजार मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये नोंदवला. पन्नाशीनंतर, पुरुषांत जास्त दिसतो. स्वप्नात कुत्रा अंगावर येतो आणि माणूस खरोखर लाथ मारतो, ती लागते शेजारी झोपलेल्या बायकोला. लांबून नावाने हाक मारली तर चटकन जागे होतात आणि स्वप्न सांगतात. तुमच्या मुलाच्या अगदी उलट.

(याचा उलटा प्रकारही असतो. मेंदू जागा झाला, पण शरीर अजून त्या हुकमात अडकलेलं. डोळे उघडे, हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय. रेसिडेन्सीत नाइट ड्यूटीनंतर मला दोनदा झालंय. कारण तोंडपाठ होतं, तरी आठवली ती रामरक्षाच.)

आजोबांकडे लक्ष द्या म्हणतेय त्याचं कारण असं. अपघात हा एक भाग: पडणं, काचेवर हात आपटणं. दुसरा जास्त महत्त्वाचा. हा आजार पुष्कळदा पार्किन्सन्स किंवा त्याच घराण्यातल्या स्मृतिभ्रंशाची बरीच आधी लागलेली चाहूल असतो. २४ केंद्रांमधल्या १,२८० रुग्णांचा पाठपुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी शंभरातल्या साधारण सहा जणांत पुढचा आजार दिसू लागला. हा आकडा सासऱ्यांना वाचून दाखवायचा नाही. उद्या काही होणार असा त्याचा अर्थ नाही, आणि मुळात त्यांना हाच आजार आहे का तेही ठरायचंय. घोरता घोरता श्वास अडकणारी माणसंही अशीच धडपडतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही असं होतं.

म्हणून त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि एक रात्र स्लीप स्टडी होऊ द्या. डोक्याला चिकट पेस्ट लावून तारा, छातीला पट्टा, बोटाला क्लिप, आणि हनुवटीवर दोन-तीन बटणं. माझं लक्ष त्या हनुवटीच्या रेषेवर असतं. स्वप्नांच्या झोपेत ती सपाट व्हायला हवी. तिथे खरखर दिसत राहिली की निदान जवळ आलं. औषधं आहेत, मेलाटोनिन आहे, क्लोनाझेपाम आहे, आणि बहुतेकांचं लाथा झाडणं बरंच कमी होतं. पण क्लोनाझेपाम घोरणाऱ्या, रात्री बाथरूमला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाडूही शकतं, म्हणून शेजाऱ्यांच्या पाकिटातली गोळी आणून देऊ नका.

तोपर्यंत त्यांची गादी खाली घाला. उशाशी तांब्या-भांडं, चष्मा, काचेचं टेबल नको. सासूबाईंनी काही दिवस वेगळ्या अंथरुणावर झोपावं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि पहाटे लाथा सुरू झाल्या तर अंगाला हात लावून उठवू नका, दारातून हाक मारा.

आनुवंशिकतेचं उत्तर राहिलं. मुलाचा प्रकार घराण्यात असतो, पण तो आजोबांच्या आत्ताच्या लाथांशी जोडलेला नाही. सासूबाईंना विचारायचं ते हे की मिस्टर लहानपणी झोपेत उठून चालायचे का, आणि तुमच्या आईलाही तुमच्याबद्दल विचारा. माझा धाकटा भाऊ सिन्नरच्या घरात झोपेत उठून पुढच्या दारापर्यंत जायचा. आजीने कडीला देवघरातली जुनी घंटी बांधून ठेवली होती. बारा-तेराव्या वर्षी ते गेलं ते गेलंच, आता त्याला उठवायला घंटी पुरत नाही.

आजोबांना नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि सासूबाईंनाही सोबत न्या, रात्री काय होतं ते त्यांनीच पाहिलंय. घरीच दोन गोष्टी विचारून ठेवा: फोडणीचा, उदबत्तीचा वास पूर्वीसारखा येतो का, आणि पोट साफ होतं का. प्रश्न बिनकामाचे वाटतील, पण ते त्याच पार्किन्सन्सच्या चाहुलीशी जोडलेले आहेत, डॉक्टर विचारतीलच. मुलाच्या बाबतीत तेवढी घाई नाही. या आठवड्यात सेकंड शिफ्ट असेल तर मिस्टरांना दाराची दुसरी किल्ली करून द्या आणि बेलचं बटण रात्री दहानंतर बंद ठेवा.